लसूण कोण भाजतंय?

७ जानेवारी

वही शिवणकामाची आहे. पहिल्या काही पानांवर कुणाकुणाच्या छाती-कंबरेची मापं आहेत, ती तशीच ठेवली. "त्यापुढे लिहा काय लिहायचं ते, पण माझं डोकं खाऊ नका," म्हणून हिनं ती माझ्यापुढे टाकली. ही म्हणजे बायको. खाण बंद पडल्यापासून मी तिच्या मशीनशेजारी बसून साहेबांना शिव्या घालतो, त्याला ती कंटाळली आहे. शिव्या वहीत घाला म्हणते.

तर घालतो. बंद खाणीवर राखणीला ठेवलेला तो इंजिनियर आज रस्त्यात भेटला. मी म्हटलं, साहेब, मागच्या जुन्या ढिगात सोनं आहे. तर हसला. "काका, तो कचरा आहे हो." कचरा म्हणे! दगड दळायचा, त्यातलं सोनं काढून घ्यायचं आणि उरलेला गाळ नेऊन ओतायचा, असा तो डोंगर झाला. पण पहिल्या काळात गिरणी जाडंभरडं दळायची. पिवळ्या खड्यांच्या पोटातलं सोनं पोटातच राहिलं आणि गाळाबरोबर गेलं. गिरणीच्या प्रयोगशाळेत मी केस पांढरे केले, मला माहीत नसेल तर काय त्या उंटावरच्या शहाण्याला? उन्हाळ्यात नवीन कंपनीची माणसं ढीग बघायला येणार, हे मात्र त्याच्या तोंडून निसटलं. येऊ देत. सोन्याचा मणी काढून त्यांच्या हातावर ठेवला नाही तर नाव बदलीन. मग बघू कोण कुणाला काका म्हणतं ते.

१० जानेवारी

हिला सांगितलं. ती काज करत होती. शाळेच्या गणवेशाचे सदरे असोत की कुणाचा लग्नाचा कोट, काजं ती हातानंच करते, मशीनला लावत नाही. बायका लांबून कापड घेऊन येतात ते त्या काजांसाठी. सध्या घर त्यावरच चाललं आहे, हे मी तोंडानं कबूल करत नाही, वहीत करतो.

दोऱ्याला गाठ मारत म्हणाली, "काय करायचं ते मागच्या अंगणात करा. घरात घाण आणाल तर तुम्हालाच उसवीन. आणि हो, त्याआधी माझ्या खिडकीची काच बसवा. वारा येतो."

बसवतो म्हटलं.

११ जानेवारी

एक गोष्ट लिहून ठेवतो. ही वही कुणी वाचणार नाही. मला वास येत नाही.

गिरणीत मला नाव पडलं होतं 'नाक'. भट्टीत नमुना भाजायला घातला की यंत्राच्या आधी मी सांगायचो आत काय आहे. मुकादमही विचारायचा, "नाक काय म्हणतंय?" मग तेजाबाच्या वाफांनी हळूहळू नाक खाल्लं. ज्यांचं नाक गेलं त्यांना गोदामात पोती मोजायला धाडायचे. दोघांना धाडलेलं मी पाहिलं होतं. म्हणून बोललो नाही. ज्वाळेचा रंग बघून आणि इतरांची तोंडं बघून शेवटपर्यंत निभावलं. घरीही तेच. झाकण काढलं की आधी "वा!" म्हणायचं, मग बघायचं आत काय आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

२ फेब्रुवारी

भट्टी उभी राहिली. जुन्या पिंपाला आतून मातीचा लेप दिला, वर पत्र्याचा पाईप. पाईप कमी पडला, तो वळचणीपर्यंतच गेला, हिच्या खिडकीच्या जरा वर. पुढे जोड देऊ. ढिगातून गाळ आणला, परातीत पाणी घालून हलवत हलका भाग सोडून दिला. तळाशी जड, पिवळा, चमकदार भाग उरतो. ही बघून म्हणाली, "हे तर सोनंच की!" म्हटलं, खुळे, ह्याला फसून पिढ्या गेल्या. सोनं ह्याच्या पोटात आहे. आधी हे भाजायचं, भाजलं की ते पोट उघडतं. मग शिसं आणि टाकणखार घालून मुशीत वितळवायचं.

"आमच्याकडे नुसतं उसवतात," म्हणाली.

४ फेब्रुवारी

पहिली भाजणी. गिरणीचा मास्क काढून आणला होता, तो चढवला. एकच आहे, पण हिला कशाला लागतो, ती आत असते. पांढरा दाट धूर निघाला, बघून जीव निवाला. बऱ्याच दिवसांनी हातांना काम मिळालं.

जेवताना ही म्हणाली, "दुपारभर लसूण कोण भाजतंय हो? तुम्हाला आला का वास?"

मी नाक वर करून हुंगलं आणि म्हटलं, "आला तर! शेजारीण, दुसरं कोण."

"भलतीच लसूणखाऊ," म्हणाली आणि हसायला लागली. एवढं काय हसण्यासारखं होतं देव जाणे.

११ फेब्रुवारी

रोज भाजणी. पाईपच्या तोंडाशी पांढरी भुकटी धरते, चुन्यासारखी. काठीनं झटकली की खाली पडते. ही अंगण झाडते आणि माझ्या नावानं खडे फोडते. माझे कपडेही तीच धुते, म्हणून खडे जास्त.

सकाळी म्हणाली, "तुम्ही शीळ घालताय."

"मी? छे."

"मघापासून घालताय. खाण बंद झाल्यापासून पहिल्यांदा ऐकली." आणि मशीनवर वाकली, पण तिला बरं वाटलं होतं, मला दिसलं.

काच राहिलीच. उद्या.

१९ फेब्रुवारी

शेजारणीशी जुंपली. ही आपली कुंपणावरून सहज बोलली, "रोज रोज लसूण, एखाद दिवस सुट्टी द्या की." शेजारीण म्हणते, आमच्या घरात लसूण आणलेलाच नाही, सासऱ्यांना चालत नाही, वास तर तुमच्याकडूनच येतो. चोराच्या उलट्या बोंबा! मी बाहेर येऊन दोन सुनावल्या. "माझ्या नाकाला शिकवू नका, अख्खी गिरणी ह्या नाकावर चालायची," असंही बोललो. ती दार आपटून आत गेली. ही मात्र पदर तोंडाला लावून उभी. हसत होती की काय कळलं नाही.

२४ फेब्रुवारी

पहिली मूस फुटली. आठवड्याची मेहनत राखेत गेली. त्यात हिला दिवसभर उलट्या. काहीतरी शिळं खाल्लं असणार, टाकवत नाही ना हिला काही. लेकीचा फोन आला, आईला डॉक्टरकडे न्या म्हणाली. लांब राहून सल्ले द्यायला काय जातं?

२७ फेब्रुवारी

नेलं. डॉक्टर म्हणाले पित्त आहे, गोळ्या दिल्या, तिखट बंद. "आणि लसूण," ही डॉक्टरांना म्हणाली, "नुसत्या वासानंच डोकं धरतं." डॉक्टर म्हणाले, मग लसूणही बंद. दोघं हसली. मीही हसलो.

८ मार्च

शेजारणीची मांजर मेली. भट्टीच्या उबेला छपरावर येऊन निजायची. शेजारीण म्हणते तुम्हीच काहीतरी घातलंत. म्हातारं जनावर, मरणार नाही तर काय? पण तिनं असा गळा काढला की मला भट्टी दुपारी बंद ठेवावी लागली. एक दिवस वाया.

१५ मार्च

हिच्या नखांवर पांढऱ्या आडव्या रेघा उठल्या आहेत, सगळ्या बोटांना सारख्या, खडूनं आखल्यासारख्या. मला दाखवून म्हणाली, "बघा, माझ्या नखांनाच शिवण घातलीय कुणीतरी." कॅल्शियम कमी असणार. दूध घे म्हटलं.

तळपायांना मुंग्या येतात म्हणते. दिवसभर पाय मशीनवर, येणारच.

२३ मार्च

आज मी फार बोललो. लिहून मोकळा होतो.

एका गिऱ्हाइकाचा कोट परत आला. काजं वाकडी, एक तर फाटलेलं. तिच्या हातचं काज वाकडं, हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि वर कापडावर रक्ताचे डाग. सुई बोटात गेली होती आणि म्हणे कळलंच नाही. मी म्हटलं, लक्ष कुठे असतं तुझं? माझी भट्टी तुझ्या डोळ्यांत सलते, म्हणून मुद्दाम चालवलंयस का हे? ती बोटाकडे बघत बसली. मग म्हणाली, "पाय कापसावर ठेवल्यासारखा वाटतो हो. मशीन चालतंय की नाही ते बघून ठरवावं लागतं."

म्हातारपण, दुसरं काय. पण तिनं उलट उत्तर द्यायला हवं होतं. देते नेहमी.

रात्री तिला विचारणार होतो, पण ती लवकर निजली.

३१ मार्च

मिळाला!

मूस धरली, रस नीट उतरला, तळाशी शिशाची गोळी बसली. ती राखेच्या वाटीत ठेवून भट्टीत सारली. शिसं राखेत मुरत जातं, गोळी लहान लहान होत जाते, आणि शेवटी एकदा लखकन चमकते. ती चमक पाहिली आणि ओरडलो. मोहरीएवढा मणी! तेजाबात टाकून बघितला, जसाच्या तसा. बावनकशी! एवढ्याशा गाळातून एवढा, म्हणजे त्या ढिगात किती असेल! कचरा म्हणे. आता म्हण!

धावत आत गेलो. ही पडून होती. डोळे उघडून बघितलं, हसली. "एवढासाच?" म्हणाली. "हरवाल. माझ्या बटणांच्या डबीत ठेवा." डबी उघडायला मलाच सांगितली, बोटांनी झाकण निघेना तिच्या. ताप नाही, काही नाही. कणीक मळायलाही होत नाही म्हणते. दोन दिवस मीच काहीतरी शिजवतो आहे.

कंपनीवाले यायच्या आत आणखी दोन-तीन मणी हवेत. एकावर कोण विश्वास ठेवतो? भाजणी वाढवतो.

९ एप्रिल

आज जे झालं ते कसं लिहू.

तराजू आला होता. माझ्याबरोबर प्रयोगशाळेत वजनं करायचा, म्हणून तराजू. मणी बघायला मीच बोलावला होता. भट्टी पेटती ठेवली होती, त्याला दाखवायला. फाटकाच्या आत दोन पावलं टाकली आणि जागेवरच थांबला. नाकाला रुमाल लावला.

"अरे, काय भाजतोयस?"

मी म्हटलं, "ये ये, काही नाही, ती शेजारीण लसूण..."

"लसूण? अरे सोमल आहे तो! आर्सेनिक! बंद कर ती भट्टी! वहिनी कुठे आहेत?"

त्यानंच बादलीभर माती उपसून भट्टीवर ओतली. मी उभाच. मग आत धावला. ही खिडकीशी बसली होती. काच नसलेल्या खिडकीशी. सुईत दोरा ओवायला बघत होती. त्यानं तिचे हात हातात घेतले, नखांवरच्या त्या रेघा बघितल्या आणि माझ्याकडे वळून, हिच्यादेखत, बोलू नये ते बोलला. "गिरणीत नव्या पोरांना कोण शिकवायचं रे? लसणाचा वास आला की आधी बाहेर पळा, मग बाकीचं! तूच ना?"

हो. मीच शिकवायचो. "लसूण आला की सोमल आला," हे माझंच वाक्य. पोरं पाठ करायची.

गाडी करून मोठ्या हॉस्पिटलात आणलं. बाकावर बसून लिहितो आहे. ही दोन महिने मला सांगत होती. शेजारीण कुंपणावरून ओरडून सांगत होती. त्यात नवीन काही नव्हतं, मला ते सगळं पाठ होतं. पण हिनं "आला का वास" विचारलं की मला एकच भीती वाटायची, की पकडलो. म्हणून हो म्हणायचो. लसूण माझ्या डोक्यापर्यंत कधी पोचलाच नाही.

१२ एप्रिल

लघवीत, केसांत, नखांत सोमल सापडला. माझ्यातही, पण कमी. मास्क होता ना मला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मास्क एकच होता?" मी हो म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

इंजेक्शनं सुरू आहेत. जीवाचा धोका टळेल म्हणतात. हातापायांचं सांगता येत नाही म्हणतात.

लेक आली. माझ्याशी बोलत नाही.

२० एप्रिल

आज हिला जरा हुशारी होती. लेक खाली चहाला गेली तेव्हा मी सांगून टाकलं. म्हटलं, ऐक, मला वास येत नाही. कित्येक वर्षं झाली.

ती छताकडे बघत म्हणाली, "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"दूध करपून घरभर धूर झाला होता आणि तुम्ही तिथेच पेपर वाचत बसला होतात. तेव्हापासून ठाऊक आहे. मी मुद्दाम बोलले नाही. तुम्हाला केवढा अभिमान त्या नाकाचा."

मी म्हटलं, "अगं, मग मला का विचारायचीस, लसणाचा वास आला का म्हणून?"

तेव्हा ती हसली. त्या तसल्या अवस्थेत हसली. "विचारलं की तुम्ही असं नाक वर करून हुंगायचात आणि ऐटीत म्हणायचात, आला तर! फार गंमत वाटायची मला. दिवसभरात तेवढीच करमणूक." मग म्हणाली, "आणि शीळ घालत होतात. म्हटलं, वासाचं काय एवढं, नाल्याचा असेल, कुणाचा असेल. तुमची शीळ कशाला बंद करा?"

मी बाहेर जिन्यात जाऊन रडलो. लेक चहा घेऊन वर येत होती, ती थांबली नाही.

३ मे

घरी आणलं. काठीनं चालते, पायाकडे बघत. जमीन लागते की नाही ते डोळ्यांनी ठरवते. शेजारीण पेज घेऊन आली, माझ्याकडे न बघता आत गेली आणि हिच्याजवळ बसून राहिली. मांजरीचं मी तिला काय सांगू? सांगितलं. "माहीत आहे," म्हणाली. सगळ्यांना सगळं माहीत असतं.

१९ मे

कंपनीवाले आले. मी गेलो नाही, इंजिनियरच त्यांना घेऊन दारात आला. चांगली तरुण माणसं, नम्र. त्यांनी सांगितलं, ढिगात सोनं आहे हे त्यांना आधीपासून माहीत आहे. सोमलाबरोबर अडकलेलं आहे, म्हणून जुन्या मालकांनी तो गाळ वेगळा, लांब टाकला होता. आता बंद टाक्यांमध्ये काढायची रीत निघाली आहे. पारख यंत्रच करतं. माणूस नको.

"पण तुमचा अंदाज बरोबर होता हां, काका," इंजिनियर म्हणाला. मनापासून म्हणाला, तेच जास्त लागलं. मी त्याला एक शिवी द्यायला तोंड उघडलं आणि दिलीच नाही.

मणी त्यांना दाखवला नाही.

६ जून

काच बसवली. अर्ध्या तासाचं काम होतं.

२२ जून

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता जे आहे ते असंच राहील, फार सुधारणार नाही. पायांत थोडं बळ येईल. बोटांचं नाही.

गिऱ्हाइकं येऊन आपापली कापडं परत घेऊन गेली. बायका ओशाळून उभ्या राहायच्या, हीच त्यांना समजावायची, "अहो न्या, घाई असेल तुम्हाला." मशीनवर तिनं जुनी चादर घातली आहे. मी काज करायला शिकतो आहे. ती शेजारी बसून सांगते, "टाका जवळ घ्या. अजून जवळ. हे काज आहे की बीळ?" रागावते ते बरं वाटतं. माझं काज कुणी घेणार नाही, हे दोघांनाही माहीत आहे.

२ जुलै

आज दुपारी आम्ही खिडकीशी बसलो होतो. समोरच्या रस्त्यानं एक मुलगी चालली होती, तिच्या अंगात हिनं शिवलेला सदरा होता. हिनं लांबूनच ओळखला. मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. बघता बघताच म्हणाली, "तुमचा तो मणी कुठे आहे हो? मी नीट बघितलाच नाही त्या दिवशी. द्या ना माझ्या हातात." आणि रस्त्यावरची नजर न काढता तळवा माझ्यापुढे केला.

मी बटणांची डबी उघडली, मणी काढला आणि तिच्या तळव्याच्या मधोमध ठेवला. मोहरीएवढा असला तरी तळव्याला गार, टणक लागतो.

ती बाहेरच बघत होती. थोडा वेळ गेला.

"ठेवलात का?" तिनं विचारलं.

मी दोन बोटांनी मणी हळूच उचलून घेतला. म्हटलं, "थांब जरा. डबीचं झाकण निघत नाहीये."

"बरं," म्हणाली, आणि हात तसाच पुढे धरून बसली.